शिफ्टमध्ये नळाची चर्चा करू नये

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून शिफ्टमधला उद्धटपणा संपवणार. सोळा वर्षं वाळूज एमआयडीसीत काढली, पण इतकी तोंडाळ माणसं पाहिली नाहीत. सकाळी सातला कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये शिरलो तर कुणी गुड मॉर्निंगसुद्धा म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही, पण मी सुपरवायझर आहे. ही डायरी त्यासाठीच आणली. कोण कधी कसं वागलं, सगळं लिहून ठेवणार.

२१ तारखेला पुण्याचे कस्टमर ब्रॅकेटचा लॉट बघायला येणार. व्हिजिट नीट पार पडली की इन्चार्जची खुर्ची माझी, असं प्लँट हेड इंद्रजीत सर जवळजवळ बोललेच आहेत. म्हणजे ते “बघू” म्हणाले. पण हसून.

५ नोव्हेंबर, बुधवार
सांडूनं मान वर न करता उत्तर दिलं. वयानं मोठा असला म्हणून काय झालं? सगळे त्याला सांडूमामा म्हणतात. मी “ए तीन नंबर” म्हणतो, कारण तो तीन नंबरच्या मशीनवर असतो. यात अपमान कुठं आला?

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १२.१०
करुणा. क्वालिटी इन्स्पेक्टर. डिप्लोमा झालेली, त्यामुळं बोलायची हौस. भोक तपासायची पिन झिजली आहे, भोक लहान पडलं तरी आत जाते, नवी मागवू या, असं म्हणाली. चारचौघांत! मी शांतपणे म्हटलं, तुला कुणी विचारलं का? (शांतपणे म्हणजे मशीन चालू असताना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.) आणि यापुढं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हेही सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ती “बरं सर” म्हणाली. म्हणण्याची पद्धत उद्धट होती.

१० नोव्हेंबर, सोमवार
करुणा सुधारली. दिवसभरात एक शब्द नाही. सगळेच सुधारले! कुणी काही सांगायला येत नाही. हे मी आधीच करायला हवं होतं.

फक्त एक नवीन खूळ निघालंय. मी मशीनकडं निघालो की कुणीतरी ओरडतं, “नळ आले!” आणि सगळे पांगतात. शहरात नळ रोज येत नाहीत, कबूल. पण म्हणून ड्युटीवर?

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज चार वेळा नळ आले. चौथ्यांदा मलाच राहवेना. बायकोला फोन केला, म्हटलं सुरेखा, पिंप भरून घे. ती म्हणाली, आपली पाळी शनिवारी, आज नळ कुठले?

दुसऱ्या भागात आले असतील. पण सांडू मूळचा सिल्लोडचा, राहतो रांजणगावला, घरी बोअर. त्याला नळाचं काय पडलंय? झोप नीट नाही. अॅसिडिटी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नोटीस लावली. “शिफ्टमध्ये नळाची चर्चा करू नये. हुकुमावरून, सुपरवायझर.” लॅमिनेशनसुद्धा करून घेतलं. वाचता वाचता लोक पाठमोरे झाले. खांदे हलत होते. पश्चात्ताप असावा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
नोटिशीखाली कुणीतरी पेननं लिहिलंय, “नळानंच लावली.” व्याकरणाची बोंब. “नळाचीच लावली” म्हणायचं असेल. लाल पेननं दुरुस्त केलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
घरी नळ आले. पिंप भरता भरता सुरेखाला सगळं सांगितलं. ती बादली खाली ठेवून हसायला लागली. पाणी वाया चाललंय म्हटलं, तरी थांबेना. मग म्हणाली, “अहो, नळ कवा येईल त्याचा नेम नाय. आला की जो तो हातातलं टाकून पळतो. आन यायच्या आधी नुसती फुसफुस. तुम्हीच की हो ते!”

शक्यच नाही. मी फुसफुस करत नाही. खोकतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलंय. ज्याचा वचक असतो त्यालाच लोक नावं ठेवतात. आज मुद्दाम न खोकता गेलो. तरी त्यांना कळलं.

करुणा लांबून बघत होती. हातात ती पिन. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिनं मान फिरवली. विचारणार होतो. मग म्हटलं, आपणच केलेला नियम आपणच कसा मोडायचा?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५
कस्टमरनं ब्रॅकेटमध्ये बोल्ट घातला. गेला नाही. दुसरा घेतला. तिसरा घेतला. पूर्ण लॉट रिजेक्ट.

पिन झिजल्याचं कुणी सांगितलं नाही का, असं सरांनी विचारलं. मी म्हणालो, ही माणसं काही सांगतच नाहीत सर. मग त्यांनी करुणाला विचारलं. ती म्हणाली, सात तारखेला सांगितलं होतं सर, त्यानंतर विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर इथं काहीतरी लिहिता आलं असतं.

सांडूला कुणी विचारलं नव्हतं. तरी म्हणाला, “मला बी ठावं व्हतं साहेब. समद्यांलाच व्हतं.”

२४ नोव्हेंबर, सोमवार
खुर्चीचा विषय निघाला नाही. दिवसभर लॉट हातानं निवडत बसलो. आजूबाजूला आठ माणसं होती. एकमेकांशी बोलत होती. मला फार वाईट वाटलं. लिहून टाकतो, कुणी वाचणार नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन थांबलो. करुणा आल्यावर “करुणाताई” म्हणालो. पहिल्यांदा तिनं मागं वळून पाहिलं, दोनदा म्हणावं लागलं. झालं ते चुकलं, म्हणालो. नवी पिन मागवली आहे, तेही सांगितलं. ती “बरं सर” म्हणाली.

एवढ्यात सांडूमामांनी मशीन चालू केलं. आवाज रोजच्यासारखा नव्हता. मधूनच काहीतरी घासल्यासारखं. काय ते मला कळेना. त्या दोघांना कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. मी विचारलं, ताई, काही अडचण आहे का? काही सांगायचं असलं तर सांगा.

तिनं मशीनकडं पाहिलं. मग सांडूमामांकडं. मग माझ्याकडं.

म्हणाली, “नाही सर. सगळं ठीक आहे.”