पालकाचा रकाना

मंगळवार, ३ मार्च. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या कुणी म्हणायला नको, की म्हातारीला नीट आठवत नाही. अकरा चाळीसला मागच्या खोलीतली पोरगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात फोन, चेहरा पांढराफटक. "बाई, फेलोशिप थांबवली."

का? "माहितीत तफावत." कसली तफावत? "ते लिहिलेलं नाही."

लिहिलेलं नाही! तीन वर्षं दर सहा महिन्यांनी हिच्याकडून ढीगभर कागद मागवतात आणि स्वतःला एक ओळ जास्त लिहवत नाही!

ही फेलोशिप आहे कुणासाठी? ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, ज्यांच्या वस्तीतून विज्ञान-इंजिनिअरिंगकडे कुणी फिरकत नाही, त्यांच्यासाठी. हिचा बाप हमाल. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात. दोघंही अंगठा उठवतात. याहून पात्र पोरगी कुठून आणणार – चंद्रावरून?

शुक्रवारी, तेरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता प्रयोगशाळेचा पासही बंद होणार. तिथे तिचं यंत्र चालू आहे. घाण पाणी गाळणारा पातळ पडदा. साठ दिवस सलग टिकतो का, ते बघायचंय. आज एक्केचाळिसावा दिवस. मध्येच थांबलं, तर सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला कोण देणार?

बुधवार, ४ मार्च

जेवली नाही. भांडी मात्र लख्ख घासून ठेवली. मला भीती वाटते ती याचीच. रडली असती, आदळआपट केली असती, तर मी झोपले असते.

गुरुवार, ५ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

फेलोशिपच्या कार्यालयात गेले होते. तिला न सांगता. दारातूनच तोफ डागली – कोणी थांबवली, कशाच्या आधारावर, मला लेखी हवंय! कारकून बिचारा सभ्य निघाला. त्याने फाइल माझ्याकडे वळवली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"इतर पालक असल्यास." नाव माझं. पत्ता या घराचा. शिक्षण – एम.एस्सी., प्रथम वर्ग.

अक्षर माझं.

जानेवारीत तिने सहामाहीचा अर्ज तपासायला दिला होता. आई-वडिलांचे रकाने भरलेले, तिसरा रिकामा. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर रिकाम्या रकान्यावर लाल रेघ मारून वही तोंडावर फेकायच्या. साठ वर्षं झाली, रिकामी जागा दिसली की माझं पेन आपोआप उघडतं. भरला! वर प्रथम वर्ग! कुणी विचारलं होतं, बये?

कारकून म्हणाला, "घरात पदव्युत्तर शिकलेला पालक आहे, म्हणजे या पहिल्या शिकणाऱ्या ठरत नाहीत. नियम आहे."

मी भाडं घेते तिच्याकडून! मागच्या खोलीचं! एवढंही तोंडातून निघालं नाही. माझ्या तोंडातून!

घरी आले तर ती दारातच. "कुठे गेला होतात?"

"भाजी आणायला."

पिशवी रिकामी होती. ती बघून न बघितल्यासारखं करून आत गेली.

शनिवार, ७ मार्च

ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग पोरीला सांगून मोकळी हो ना."

"सांगितलं तर निघून जाईल."

"जाऊ दे की. भाडेकरूच आहे."

फोन ठेवून दिला. मोठी असली म्हणून काहीही बोलेल?

सोमवार, ९ मार्च

सकाळी खोली रिकामी. अंथरूण घडी घातलेलं, बॅग नाही, फोन बंद. अकरापर्यंत मी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. मग नको नको ते मनात येऊ लागलं आणि मी घरातल्याच चपला घालून तिच्या प्रयोगशाळेकडे निघाले.

दारावरचा रखवालदार म्हणाला, "आजी, पास?"

"आजी तुझ्या घरी! बाजूला हो."

झाला. माझा अवतार बघून झाला असावा.

काचेतून पाहिलं – यंत्राखाली तिचे पाय. फक्त पाय, जमिनीवर आडवे. माझ्या तोंडून काय आवाज निघाला ते मला माहीत नाही. पाय हलले. पाठोपाठ पाना घेतलेला हात आणि मग ती.

"बाई? नळीचा जोड ठिबकत होता. तुम्ही इथे कशा?"

तिथेच, उभ्याउभ्या सांगून टाकलं. तो रकाना मी भरला. तुझी फेलोशिप मी घालवली.

तिने जोड आवळणं थांबवलं नाही. "माहितेय."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं होतं मी."

"मग खोडलं का नाहीस, गाढवे?"

"बरोबरच होतं की."

घरी येताना बघितलं, माझ्या एका चपलेचा अंगठा तुटला होता.

मंगळवार, १० मार्च

कारकुनाला फोन करून सांगितलं, पोरगी भाडेकरू आहे; त्याने उपाय सांगितला. एकच कागद – "आमचा परस्परांशी कौटुंबिक संबंध नाही, पालक म्हणून नोंद चुकून झाली." दोघींच्या सह्या. शुक्रवारी पाचच्या आत.

दहा मिनिटांत लिहिला. सही ठोकली. तिच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी तिथेच, तसाच.

"सही कर."

"नाही करत."

"नाटकं नकोत मला."

"मी तापाने फणफणले होते, तेव्हा दवाखान्यात काय सांगितलंत? 'माझी मुलगी आहे, आधी हिला बघा.'"

"तो माणूस नंबर लावून बसवत होता! खोटं बोलले मी!"

"मग तिथलं खोटं की इथलं, एकदा ठरवा."

माझी जीभ उचललीय कार्टीने. आणि ती माझ्यावरच!

बुधवार, ११ मार्च

सही नाही. दोन दिवस उरले. धास्ती वाटते, कारण मी तिला ओळखते. हमालाची पोर आहे, उचललेलं मध्येच खाली ठेवणार नाही.

गुरुवार, १२ मार्च

कारकुनाचा फोन. ती आज स्वतः जाऊन दुसराच कागद देऊन आली. एकटीच्या सहीचा. "रकान्यातली नोंद खरी आहे. या बाई माझ्या पालक आहेत. फेलोशिप बंद झाली तरी तक्रार नाही." परत घेतला नाही, तर उद्या पाचला फाइल बंद.

तिच्या खोलीचं दार लावलेलं. हाका मारल्या. उघडत नाही. चिठ्ठी दाराखालून सरकवली. ही त्या चिठ्ठीची नक्कल:

"तो कागद परत घे. पालक म्हणतेस ना मला? मग पालकाचा हुकूम समज. उद्या दुपारी माझ्याबरोबर कार्यालयात चल, मी तुझी कुणी नाही असं लिहून दे, आणि माझ्याबरोबरच घरी ये. उत्तर सकाळी नऊच्या आत. लेखी. तोंडी चालणार नाही."