दसऱ्याचा मदरबोर्ड

नालवाडी, वर्धा
१८ सप्टेंबर २०२५

ती. वासुदेवकाकांस,
आचलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते. माझी बोरगाव मेघेची मैत्रीण रूपाली लग्नांचं शूटिंग करते. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिच्या सगळ्या लग्नांचं एडिटिंग ती मला देणार आहे. अट एकच, तोवर नवा कॉम्प्युटर तयार हवा. दोन-दोन कॅमेऱ्यांचं चित्रण असतं. माझा जुना ते उघडतही नाही.

तुम्ही मदरबोर्ड घेऊन देतो म्हणालात, फार आनंद झाला. पण प्रोसेसर बैल धरला तर मदरबोर्ड म्हणजे जू. कोणतंही जू कोणत्याही बैलाला बसत नाही, म्हणून दोन्ही एकदमच ठरवावं लागतं. मी महिनाभर बघतेय आणि रोज मत बदलतेय. ठरलं की कळवीन. काकूंना नमस्कार. उत्तराची वाट पाहायला लावू नये.

तुमची आचल


समुद्रपूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. आचलले अनेक आशीर्वाद.

तुझं ठरता ठरता आमची वांगी निब्बर होतील. परवा शेजारच्या भूपेंद्रच्या गाडीतून वांगी घेऊन नागपूरले गेलतो, तिथूनच मदरबोर्ड आणला. दुकानदार म्हणे, काकाजी, दहा वर्षं पाहायचं काम नाही. जू आलं, आता तू बैल आण.

काल दसरा. विळे, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटर, साऱ्यांची पूजा झाली, त्यातच तुझा बोर्ड मांडला. काकूनं खोकं फोडलं, वरचं प्लास्टिक काढलं आन् हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. मी म्हटलं जरा कमी टाक. तर म्हणते का, पोरीच्या पोटापाण्याची वस्तू हाय, हात आखडता काऊन घेऊ? तुह्या आदेशदादाले रविवारी बोर्ड घेऊन बसनं धाडतो. जेवल्याबिगर त्याले परत पाठवू नको.

तुझा काका


नालवाडी
१६ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आदेशदादा बोर्ड देऊन गेला. खोकं उघडलं तर घरभर कापराचा वास. काकूंना सांगा, अक्षता मी ब्रशने एकेक करून काढल्या आणि तुळशीत ठेवल्या. बोर्ड छान आहे. त्याला मागच्या पिढीचाच प्रोसेसर बसतो, तो आणून बसवला. कॉम्प्युटर सुरू झाला. रूपालीला अजून दाखवला नाही, आधी स्वतःच दोन-तीनदा तपासून घेते. बाकी सारं ठीक. तुम्ही काळजी करू नये आणि कान दाखवायला एकदा वर्ध्याला यावं, ही विनंती.

तुमची आचल


समुद्रपूर
७ डिसेंबर २०२५

चि. आचल, आशीर्वाद.

आदेश बोरगाव मेघेत गेलता, तिथं त्याले रूपाली भेटली. तिनं सारं सांगितलं. मी आणलेला बोर्ड जुन्या पिढीचा. तू तो बदलायले नागपूरले गेलती, पण कुंकू पाहून दुकानदारानं परत घेतला नाई. मग तू त्याच्याच मापाचा दुबळा प्रोसेसर बसवला. पहिल्याच लग्नाचं चित्रण अडकत अडकत चाललं, वेळेत झालं नाई, आन् तिनं बाकीच्या लग्नांचं काम दुसऱ्याले दिलं.

मले काऊन नाई सांगितलं? तू शाळेत जायच्या आधी मीच तुले ओसरीवर अक्षरं शिकवली. मी मुद्दाम चुकीचं अक्षर काढलं, तर तू माहा हात ढकलून पाटी पुसत होती. आता एवढा कोणता मोठा माणूस झालो मी? काकू सकाळपासून एकच बोलून राह्यली का, माह्याच हातानं पोरीचं काम गेलं. नवा बोर्ड घेऊन देतो, तू म्हणशील तोच. कवा येऊ, ते लिहिजो.

तुझा काका


नालवाडी
१२ डिसेंबर २०२५

ती. काका आणि काकूंस,
आचलचा शि. सा. न.

काकूंनी असं बोलू नये. त्यांच्या हातून काही गेलं नाही. दुकानदाराने नाही म्हटलं, तेव्हाच दुसरा बोर्ड आणायला हवा होता. रूपालीही म्हणाली होती की, काकांना सांगून टाक आणि हा बाजूला ठेव. मी म्हटलं, ते घरी आले आणि त्यांचा बोर्ड लावलेला दिसला नाही, तर? एवढ्या एका विचारापायी मी जुवाच्या मापाचा बैल आणला.

काल तिला पुन्हा विचारून पाहिलं. ती रागावलेली नाही, पण दुसऱ्याला दिलेलं काम ती काढून घेणार नाही, आणि घेऊही नये. कुणाच्या तरी लग्नाच्या आठवणी माझ्यामुळे रखडल्या, ते तिला निस्तरावं लागलं. सध्या मी बारशांचे, वाढदिवसांचे एका कॅमेऱ्याचे व्हिडिओ करतेय. तेवढं या कॉम्प्युटरवर होतं.

नवा बोर्ड नको, काका. तो मी माझ्या कामातून घेईन. तुम्ही याल ते नुसतं भेटायला यावं. तुम्हाला 'नको' असं मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि त्यासाठी दोन कागद फाडले. तुम्ही रागावणार नाही, हे मला ठाऊक आहे. ऑक्टोबरातही ठाऊक होतं.

माया आहे तेवढीच राहू द्यावी.

तुमची आचल