घराण्याचं दुखणं

अक्का, मंगळवारी तुझ्या मुलाला घेऊन मी हृदयाच्या डॉक्टरकडे गेले होते. त्याच्या पायांवर सूज आली आहे, चार पायऱ्या चढला की धाप लागते, आणि झोपतो तो उशा रचून, बसल्यासारखाच. बोलता बोलता त्याने तुझा विषय काढला तर डॉक्टरबाईंना वाटलं, अक्का म्हणजे आमची थोरली बहीण. अक्का म्हणजे आमची आई, असं समजावून सांगावं लागलं. काका तुला अक्का म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणत राहिलो, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, आणि मी अजून तुझ्याशी भांडायला बसते आहे. खरं सांगायचं तर भांडायचंही त्राण उरलेलं नाही.

जयनगरच्या घरी हॉलमध्ये तीन फोटो होते. आजोबा, अप्पा आणि काका. तिघंही छातीच्या दुखण्याने गेले. आजोबा दाढी करताना, अप्पा बसस्टॉपवर, काका तर कोणाच्या लग्नाच्या पंगतीत. हे तू आल्यागेल्याला सांगायचीस, दुसऱ्या बायका दागिने काढून दाखवतात तसं. ‘आमच्यात पुरुषांना छातीच घेऊन जाते,’ म्हणायचीस आणि वर पाहुण्यांना विचारायचीस, ‘स्वल्प कॉफी घेणार ना?’ मला हसू यायचं. पण आत कुठेतरी मीही धरूनच चालले होते की धाकट्या भावाचाही नंबर एक दिवस लागणार.

ते नव्वदच्या दशकातले दिवस. मी बँकेत होते, तो जाहिरातींच्या कंपनीत चित्रं काढायचा. शहरात नवे पब निघाले होते, मुलांच्या हातात पहिल्यांदाच पैसा खेळत होता. शनिवारी दुपारी तो मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून देवनहळ्ळीकडे जायचा. तिथे त्या मित्राचं मळ्यातलं घर होतं. रविवारी संध्याकाळी परतायचा तो हातात एक भलंमोठं चकोतं घेऊन. आपल्या पुण्याच्या मावशी त्याला पपनस म्हणायच्या तेव्हा तू त्यांना हसायचीस. तू ते चकोतं सोलायला बसायचीस, जाड साल, मग पांढरा कापूस, मग एकेक गुलाबी फोड, आणि वर मीठ-तिखट. तो समोर बसून नुसता बघायचा. डोळे लाल, कपाळावर घाम, गुडघा सारखा हलतोय. ‘उन्हातून आलंय लेकरू,’ तू म्हणायचीस. सोमवारी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर ऑफिसला. त्यामुळे मला कधी शंका आली नाही. व्यसनी माणूस म्हणजे गटारात पडलेला, एवढंच मला ठाऊक होतं.

ऑफिसात भोवळ येऊन पडला तेव्हा तो तिशीचाही नव्हता. छाती इतकी धडधडत होती की शर्ट हललेला दिसत होता. आपण दोघी त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. आपल्या घरची रीतच होती, डॉक्टरच्या खोलीत मूल कितीही मोठं झालं तरी बोलायचं आईने. मी बँकेत ऑफिसर झाले तरी माझा खोकला कोरडा की ओला हे तूच सांगायचीस. त्या दिवशीही खुर्चीत तू बसलीस, तो तुझ्यामागे उभा. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून विचारलं, ‘सिगारेट, दारू, आणखी काही घेता का?’ त्याने तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, ‘आमच्यात तसलं काही नसतं, डॉक्टर. हे घराण्याचंच आहे,’ आणि दाढीपासून पंगतीपर्यंत तिन्ही मरणं सांगून टाकलीस. म्हाताऱ्या डॉक्टरांनी मान हलवली. गोळ्या दिल्या, मीठ कमी करा म्हणाले. तू ‘सरी, बरंय’ म्हणून उठलीस. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता, कुठे काय बोलावं हे तुला किती नेमकं कळतं म्हणून.

तेव्हापासून घरात सार दोन भांड्यांत उकळायला लागलं, एक आपलं आणि एक त्याचं अळणी. तू गेल्यावर ते माझ्याकडे आलं. त्याची बायको कंटाळून हुबळीला माहेरी निघून गेली, पाळण्यातली मुलगी माझ्या ओटीत आली, आणि मी तिला दूध नि त्याला अळणी सार देत म्हातारी झाले. घराण्याचं दुखणं आहे, कोणाला बोल लावणार, असं म्हणत केलं सगळं.

मंगळवारच्या डॉक्टरबाई माझ्या भाचीहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि, अक्का, तुला खोटं वाटेल, उत्तर द्यायला तोंड मी उघडलं. ‘त्यांना बोलू द्या,’ बाई म्हणाल्या. तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, ‘आधी गांजा. मग नाकाने ओढायची पावडर, कधी गोळ्या. शनिवार-रविवारच फक्त. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा सोडलं.’ बाई रागावल्या नाहीत. घराण्याचंही थोडं असेल, म्हणाल्या, पण त्या पावडरीने हृदय वर्षानुवर्षं पळवलं की त्याचा स्नायू थकून सैल पडतो. ‘तुम्ही सोमवारी कामावर जात होतात, हृदयाला ते ठाऊक नव्हतं. हे तेव्हाच कळतं तर बरंच काही करता आलं असतं.’

बाहेर बाकावर बसल्यावर मी त्याच्यावर ओरडणारच होते. तो हळूच म्हणाला, ‘अक्काला ठाऊक होतं.’ भोवळ यायच्या बऱ्याच आधी, शर्ट धुताना तुला खिशात पुडी सापडली होती म्हणे. ती तू संडासात टाकून वर बादलीभर पाणी ओतलंस, त्याला मठात नेऊन हातावर तुळशीपत्र ठेवून शपथ घ्यायला लावलीस, आणि म्हणालीस, ‘कोणाला कळलं तर तुला मुलगी कोण देईल रे?’ आता मला कळतं की शुक्रवारचा ऊद त्या वर्षांत रोज का जळायचा आणि त्याच्याच खोलीत का जास्त वेळ फिरायचा. मी समजत होते, तू देवभोळी होत चालली आहेस.

मला तुझा संताप आला. अजूनही आहे. अप्पा गेलेले, पदरात मुलगा, आपल्या मराठी लोकांची इथे मोजकी घरं आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं ठाऊक. तू काय करणार होतीस, हेही कळतं मला. पण तू डॉक्टरांकडे खरं बोलली असतीस तर तो आज आडवा झोपू शकला असता कदाचित. कदाचितच. तेवढ्यावर किती दिवस चिडायचं?

आज दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. तुझी नात आता नोकरी करते, सकाळी मैदानावर पळायला जाते. तिने विचारलं, ‘आत्या, डॉक्टर काय म्हणाल्या? पणजोबांचं, आजोबांचं, बाबांचं, ते मलापण असेल का?’ त्याचा घास तसाच हातात राहिला. मी म्हणाले, ‘घराण्यातच आहे गं. जपून राहायचं.’ पोरीने पानातलं मीठ बोटाने कडेला सारलं आणि त्याच्या भांड्यातलं अळणी सार मागितलं. मी वाढलं.

हे लिहून झालं की तुझ्या फोटोच्या मागे खोचून ठेवायचं असं मनात होतं. पण दर शुक्रवारी फोटो खाली काढून तुझी नातच पुसते, म्हणून तिथे ठेवणार नाही.