दवबिंदूबाईंविरुद्धचा पुरावा

४ मार्च, सकाळी ६.२०
काल रात्री सीपॅप मशीन लावून झोपलो. पहिली रात्र. झोपेत माझा घसा मिटतो, श्वास अडतो, म्हणून हे मशीन नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये हवा ढकलत राहतं. हवा कोरडी लागू नये म्हणून त्याला पाण्याची छोटी टाकी, टाकीखाली गरम प्लेट. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोल्ड स्टोरेजमध्ये सव्वीस वर्षं मेंटेनन्स सुपरवायझर आहे. तरी दुकानातल्या टेक्निशियन बाईंनी पाऊण तास शिकवणी घेतली. खोली फार थंड ठेवू नका. ओलावा तीनवर. मशीन उशीपेक्षा खाली. नळी पांघरुणात घ्या, नाहीतर आत दव धरेल. आणि दव म्हणजे काय, तेही सांगितलं! गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ना काका, तसं. मला! काका! तेही बायकोसमोर. ही शेजारी बसून माना डोलावत होती.
आजपासून बाईंचं नाव दवबिंदू. हा अपमान विसरणार नाही.

४ मार्च, संध्याकाळी
करार लिहून ठेवतो. माझ्या घोरण्यामुळे ही नोव्हेंबरपासून मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपते. सलग पंधरा रात्री मशीन नीट चाललं, की परत येईन म्हणाली. म्हणजे १८ मार्च. कॅलेंडरवर लाल गोल केला. किरकोळ काम आहे.

५ मार्च
ओलावा आठवर ठेवला. आठ आकडे दिलेत ते काय शोभेला? एसी सोळावर. गारठ्यात माणूस मेल्यासारखा झोपतो, हा स्वतःचा अनुभव. नळी पांघरुणाबाहेर. दवबिंदूच्या तीन सूचना एका फटक्यात मोडल्या. फार बरं वाटलं.

६ मार्च, पहाटे ४.०५
नाकात पाणी! झोपेत! बुडतोय असं वाटून उठलो, मास्क भिंतीवर फेकला. नळी उलटी केली तर चांगलं पाव कप पाणी निघालं.
निष्कर्ष: मशीन गळकं आहे. दवबिंदूने जाणूनबुजून माझ्या गळ्यात मारलं. शिकवणीत मी दोनदा जांभई दिली होती, त्याचा डूख.
मास्क काढला की रात्र बाद, म्हणून पंधरा रात्री पुन्हा एकपासून. नवा गोल २१ तारखेला. हिने कॅलेंडर पाहिलं.

९ मार्च
पुराव्याची वही सुरू केली. रोज पहाटे नळीतलं पाणी खोकल्याच्या औषधाच्या मापात मोजतो. ६ तारीख, चाळीस मिली. ७, पस्तीस. ८, पंचेचाळीस. असे आकडे समोर ठेवले की दवबिंदूच्या तोंडचं पाणी पळेल.
नळीत गुळगुळ आवाज येतो. ही म्हणाली, पूर्वी तुम्ही नुसते घोरायचात, आता गुळण्या करत घोरता.

१२ मार्च
दवबिंदू म्हणाली मशीन खाली ठेवा. म्हणून स्टूल घेऊन कपाटावर ठेवलं.

१३ मार्च, पहाटे ३.१०
सगळं पाणी एकदम आलं. उशी, बनियन, गादी, सगळं ओलं. मशीन उंचावर ठेवल्यास पाणी खाली येतं हा गंभीर डिझाइन-दोष आहे. तक्रारीत मुद्दा सातवा. मशीन कपाटावरच राहील. मागे हटणारा मी नव्हे.
गोल आता २८ला.

१७ मार्च
कोल्ड रूम तीनमध्ये पाइपवरून पाणी टपकत होतं. स्टोअरच्या क्लार्कने रजिस्टरला ‘लीकेज’ लिहिलं. सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. म्हटलं, अहो, हे लीकेज नाही, पाइपला घाम आलाय! दमट हवा, गार पाइप, दुसरं काय होणार? इन्सुलेशन गुंडाळा, हवा कोरडी ठेवा, एवढं साधं शास्त्र कळत नाही? कान पाडून उभा राहिला. अशा लोकांना पगार कसला देतात कळत नाही.
घरी आलो. पहाटेचं माप अठ्ठेचाळीस मिली होतं, ते वहीत चढवलं. विक्रम.

१८ मार्च
रात्री साडेनऊला ही दारात आली. एसी जरा कमी करता का, फार गारठा आहे, म्हणाली. मी म्हटलं, अजिबात हात लावू नकोस, पुरावा बिघडेल. मग गेली.
मुद्दा आठवा रात्री अकरापर्यंत लिहिला. भाषा जळजळीत झाली आहे.

२४ मार्च
सुडाचा दिवस. रजा टाकून दुकानात गेलो. नऊ मुद्दे, उभं राहून, मोठ्याने वाचले. रांगेतले चार पेशंट ऐकत होते. शेवटी दवबिंदूने एवढंच विचारलं, की एसी कितीवर असतो? मी म्हटलं, विषय बदलू नका. तिने मशीन घेतलं आणि नवं दिलं. वाद नाही, सही नाही.
शत्रू शरण! येताना हिच्यासाठी पेढे घेणार होतो, दुकान बंद होतं.

२५ मार्च, पहाटे ४.३०
नव्या मशीनमध्येही पाणी. पन्नास मिली.
म्हणजे कंपनीच सामील आहे. प्रकरण वाटलं त्यापेक्षा खोल आहे. ग्राहक मंच. वर्तमानपत्र. कुणाला सोडणार नाही.
कॅलेंडरवर गोल करायला जागा उरली नाही. पान उलटलं.

१ एप्रिल
स्टोअरचा क्लार्क बोलवायला आला. तुम्ही सांगितलंत तसं केलं, साहेब, म्हणाला. पाइपला इन्सुलेशन गुंडाळलं, दार घट्ट केलं. दोन आठवड्यांत एक थेंब नाही. हात लावून बघा. हात लावला. कोरडा ठणठणीत.
पाइपजवळ बराच वेळ उभा राहिलो. क्लार्कने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना साहेब.

१ एप्रिल, रात्री ९
आजपासून माझी स्वतःची पद्धत. औद्योगिक. नळीला जुन्या लोकरी मफलरचं आवरण शिवलं (टाके मीच घातले, वाकडे). एसी सव्वीस. ओलावा तीन. मशीन बुटक्या स्टुलावर, उशीच्या खाली. दवबिंदूच्या सूचनांशी हे काही ठिकाणी जुळतं, तो योगायोग आहे. तिच्याकडे शास्त्र पुस्तकातलं. माझ्याकडे सव्वीस वर्षांचं.

२ एप्रिल
शून्य मिली. सात तास. तोंड कोरडं नाही, नाक चोंदलेलं नाही.

९ एप्रिल
आठ कोरड्या रात्री. मशीन रात्रीचे आकडे डॉक्टरांच्या मोबाइलवर पाठवतं, ते म्हणे उत्तम दिसतात. ग्राहक मंचाचा फॉर्म भरून ठेवला आहे, पाठवतो सवडीने. हिला रोज सकाळी मिली सांगतो. शून्य. ती हूं म्हणते.

१५ एप्रिल
उद्या पंधरा पूर्ण. गादी उन्हात टाकली. हिच्या बाजूचं माझं सामान हलवलं: वह्या, औषधाचं माप, तक्रारीच्या प्रती. चादर बदलली. कोपरे नीट खोचता आले नाहीत.

१६ एप्रिल, सकाळी
पंधरा! सलग! चहाच्या वेळी जाहीर केलं.
अभिनंदन म्हणाली. खरंच बरं झालं, आता तुमच्या श्वासाची काळजी नाही, म्हणाली. मग म्हणाली, पण मी आता आहे तिथेच बरी आहे. कपात साखर घालून ढवळत होती. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी डोकं दुखत नाही, म्हणाली.
मी कराराची आठवण करून दिली. तिला होती. ती १८ मार्चला उशी घेऊनच आली होती म्हणे. पंधरा रात्री भरल्या नसल्या तरी चालेल, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. दार उघडलं, तर मी वही उघडून तक्रार लिहीत बसलेलो. त्यानंतर आठवडाभर जागी राहायची. मग झोप लागायला लागली.
दिवसभर विचार केला की यात दोष कुणाचा. दवबिंदूचा लावून पाहिला, बसेना. कंपनीचाही बसेना. ग्राहक मंचाचा फॉर्म फाडला.

१६ एप्रिल, रात्री ९.४०
जेवण झाल्यावर शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, तू म्हणशील तेवढा एसी ठेवतो. पंचवीस, सत्तावीस, बंदही करतो.
ती म्हणाली, नको. माझ्या खोलीत पंखा आहे.