तोंडातल्या गोळ्या

मुरुड,
११ मार्च १९५८

प्रिय गोदूबाय,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू पागाचं जाळं घेऊन बसली असशील, तर तोंडातल्या शिशाच्या गोळ्या आधी थुंकून टाक. हात राखेने धू, चूळ भर आणि मग पुढचं वाच.

तुझी आई शिंगाळा माशाच्या काट्याने गेली, असं सगळा कोळीवाडा म्हणतो. बाराव्याला तूही तेच ऐकलंस आणि मी मान हलवली. पण काटा कुणाला लागत नाही? हळद दाबली की चार दिवसांत बोट भरतं. तिचं दीड महिना भरलं नाही. मग हात सुजला, ताप चढला. मुंबईला नेताना ती इतकी पांढरीफटक दिसत होती, की लाँचवरच्या एका अनोळखी बाईने तिला टेकायला स्वतःची वळकटी दिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, घरी काम काय करता? मी सांगितलं, मी मच्छीमार सोसायटीत कारकून आणि ही पाग करते. चुलीवर शिसं वितळवून गोळ्या ओतते, जाळ्याच्या कडेला बांधते. त्यांनी विचारलं, बांधताना गोळ्या कुठे ठेवते? मी म्हणालो, तोंडात. दोन्ही हात सुतात गुंतलेले असतात, म्हणून एकेक गोळी जिभेने पुढे आणायची आणि दाताने दाबायची. सगळ्याच बायका तसंच करतात. नंतर डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाच्या काचेतून तिचं रक्त दाखवलं. तांबड्या पेशी फिकट आणि थोड्या, काहींवर बारीक निळे ठिपके. शिसं नवं रक्त नीट होऊ देत नाही, म्हणाले. जखमेशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्यानेच दुबळ्या झाल्या असाव्यात, एवढ्याशा काट्यापुढे शरीर म्हणूनच हरलं, असं त्यांचं मत पडलं.

ते शिसं मी आणत होतो, गोदू. मुंबईच्या भंगारवाल्याकडून, पिशवीत भरून. वीस वर्षं. ती हसून सांगायची, जिभेला जरा गोड लागतंय. वर्षभर तिचं पोट दुखत होतं. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, “तुमी तुमची कागदां बगा, माज्या पोटाचं मी बगतंय.” मी खरंच कागदं बघत राहिलो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला. हिरड्यांच्या कडेने निळीकाळी रेघ होती. ती मी रोज बघत होतो. मिशेरीचा डाग समजत होतो, त्यावरून तिला चिडवतही होतो. डॉक्टर म्हणाले, ही शिशाची खूण. बाराव्याला तू माझ्या खांद्यावर रडलीस आणि रडतच तोंड वर केलंस, तेव्हा तुझ्या हिरड्यांवर मला तीच रेघ दिसली. तू कधी मिशेरी लावली नाहीस. आणि तुला चौथा महिना आहे. तुझ्या सासूबाई समोर होत्या, माणसं होती, त्यांच्यासमोर सांगायचं मी टाळलं. त्याला आठ दिवस झाले. शुक्रवारी राजपुरीहून होडीने दिघीला उतरतो, दुपारपर्यंत बोर्लीला तुझ्या घरी पोचतो. तुला मुंबईला नेणार. वेळेत काम सोडलं तर रक्त पुन्हा भरून येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. नक्की येईल, असं म्हणाले नाहीत. सासूबाई अडवतील. त्यांना सांग, बायको गेल्यापासून माझ्या बापाचं डोकं फिरलंय, त्याच्यासंगती जायलाच पाहिजे. हवं ते सांग. फक्त लुगडी बांधून तयार राहा.

तुझाच,
बाबा