लंडन ते पॅरिस

चिंचवड, ३ सप्टेंबर १९५६

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद.

कोटातला तुझा फोटो पोचला. हे म्हणाले, मेहुणा साहेब झाला. मी म्हटलं, बटणं अजून खालचं वर लावतोय!

एक काम आहे. आपल्याकडे तळवड्याहून दूध घालणाऱ्या मंजुळाबाईंचा ज्योतीराम, तुझ्याच वर्गातला, दिल्लीच्या एका अधिकाऱ्यांकडे आचारी म्हणून पॅरिसला गेलाय. तिथे त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. इस्पितळात एकटाच आहे, भाषा येत नाही. बाई रोज विचारतात, तुमचा सयाजी बी तिकडंच हाय न्हवं? एकदा भेटून ये. पत्ता मागे लिहिलाय.

तब्येतीला जप. माया आहेच.

तुझी इंदुताई


लंडन, १२ सप्टेंबर १९५६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

बटणांची चूक कबूल! पण ताई, पॅरिस म्हणजे दुसरा देश, मध्ये समुद्र. जायला दोन दिवस, यायला दोन. कारखान्याने शिकायला पाठवलंय, ते सोडून कसं जाऊ? मंजुळाबाईंना नीट समजावून सांग. भावजींना नमस्कार. लोभ कमी करू नये.

तुझा सयाजी


चिंचवड, २४ सप्टेंबर १९५६

चि. सयाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी मंजुळाबाईंना वाचून दाखवलं होतं. त्यांना ते पटलंही होतं.

काल पिंपरीच्या कारखान्यातले परदेशी इंजिनियर आमच्याकडे चहाला आले. बोलता बोलता म्हणाले, लंडन ते पॅरिस सव्वादोनशे मैल, विमानाने दीड तासही लागत नाही. यांनी ते कौतुकाने मराठीत सांगितलं. मंजुळाबाई दारातच दूध मापत होत्या. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मान वर करवेना. शेवटी त्याच म्हणाल्या, इमानात जागा मिळाली नसंल पोराला, गर्दी असंल. आपली लाज त्यांनी झाकली रे.

आज त्या आल्या नाहीत, दूध त्यांच्या सुनेच्या हाती आलं.

कारण मी विचारत नाही. आशीर्वाद मात्र तुटत नाही.

इंदुताई


पॅरिस, ६ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

रजा मागितली, लगेच मिळाली. विमानात चहा दिला. तो संपतो न संपतो तोच उतरायची सूचना झाली. एवढंच अंतर होतं, ताई. लंडनच्या मित्रांना, मी एका आचाऱ्याला भेटायला चाललोय, हे सांगायची मला लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

ज्योतीराम फार वाळलाय, पण जखम भरतेय. डॉक्टर म्हणाले, पंधरवड्यात घरी सोडू. उशीर का केलास, असं त्याने विचारलंच नाही. उलट माझ्यापायी तुझं काम बुडालं म्हणून हळहळला. मी खरं सांगायला लागलो तर त्याने हात धरून थांबवलं. म्हणाला, ते ऱ्हाऊ दे. महिना झाला, आपल्या बोलीतला शब्द कानावर न्हाई. कायबी बोल, पण बोलत ऱ्हा.

मग मी बोलत बसलो. पवनेचं पाणी, गुरुजींची छडी, तळवड्याची बोरं, सुचेल ते. थांबलो की तो डोळे उघडायचा. म्हणून थांबलो नाही.

मंजुळाबाईंना सांग, विमानात जागा होती.

जमेल तेव्हा पुन्हा पहिल्यासारखं रागव.

सयाजी