पुलाला तीन गुण कमी

३ मार्च, सोमवार
नशीब उघडलं. आठ महिने या पुलाच्या साइटवर लाल झेंडी हलवली, आज इंजिनीयर मॅडमनी बोलावून रजिस्टर दिलं. म्हणाल्या, तुझं अक्षर बरं आहे. पर्यावरण किती सांभाळलं यावर पुलाला गुण मिळतात म्हणे, शाळेसारखे. साठ झाले की गोल्ड. आपले सत्तावन्न. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकची चाकं गेटवर धुवायची, रस्त्यावर चिखल जाऊ द्यायचा नाही आणि रोज नोंद ठेवायची. त्याचे तीन गुण. चौदाला परीक्षक येणार. गोल्ड आलं तर मी परमनंट.
मी सातवीत तीन गुणांनीच नापास झालो होतो. आता वसूल करणार.
ताईला फोन केला, पर्यावरणात घेतलंय म्हटलं. ती म्हणाली, आधी रोज अंघोळ करत जा.

४ मार्च
संकल्प: गेटवरून हलायचं नाही. सकाळी अकरा ट्रक धुतले, अकरा नोंदी. मग मान आखडली. एका जागी बसणं माझ्या रक्तात नाही.

५ मार्च, दु. ३
जरा क्रेन बघून आलो. तेवढ्यात चिखलाचे पट्टे थेट चौकापर्यंत. पट्ट्यांवरून अंदाज बांधला. नोंद: सहा ट्रक, सर्व धुतले.

६ मार्च
ट्रक रोज तेच, चाकंही तीच. मग रोज वेगळं काय लिहायचं? एका बैठकीत एकतीस तारखेपर्यंतचं रजिस्टर भरून टाकलं. याला प्लॅनिंग म्हणतात. खरं वाटावं म्हणून कुठे चौदा ट्रक, कुठे सतरा. एकोणीसला एक पंक्चर.

११ मार्च
मुकादम म्हणाला, लेका, गेटवर दिसत नाहीस. म्हटलं, माझं काम तीन आठवडे पुढे आहे. तो म्हणाला, काम नाही, तुझी जीभ पुढे आहे. जळतो.

१४ मार्च, शुक्रवार
परीक्षक साडेनऊलाच आले. चष्मा नाकावर, बोलणं कमी. ट्रक धुवायला सांगितला. पाइपला पाणी नाही. मोटार आठवडाभर बंद आहे, हे मलाही आजच कळलं.
मग रजिस्टर. विचारलं, आजचे सोळा ट्रक धुऊन झाले? म्हटलं, होतील. खालची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली: परीक्षक आले, समाधान व्यक्त केलं, चहा घेतला. मॅडम जमिनीकडे बघत राहिल्या. परीक्षक म्हणाले, चहाचं तेवढं खरं करा. धावत आणला. प्यायले.
आले हे खरं, चहा खरा. तीनपैकी दोन. सातवीत एवढं कधी जमलं नव्हतं.

१७ मार्च
तीनपैकी शून्य. पूल सत्तावन्नवरच.
मॅडमना परमनंटचं विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एकतीसपर्यंत काम केल्याचं तू स्वतःच लिहून ठेवलंयस, तेवढे दिवस ये.
चूक कळली. एप्रिलही भरून ठेवायला हवा होता.